नोंद नसलेल्या डुब्या

खानिवड्याच्या टोलनाक्याच्या आसपास मुंबई-अहमदाबाद महामार्ग तानसा नदी ओलांडतो. गाड्या इथे भरधाव असतात, त्यामुळे पुलाखाली काय चाललं आहे हे पाहायला कुणाला उसंत नसते. ही तानसा पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणा खाडी होऊन अर्नाळ्याच्या बेटापाशी समुद्रात जाते. दक्षिणेला उल्हास नदी अशीच वसईची खाडी होऊन नायगाव आणि भाईंदरच्या मधून बाहेर पडते. या दोन खाड्यांच्या मधे वसई-विरार वसलं आहे. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. एवढ्या माणसांना राहायला ज्या इमारती लागल्या, त्यांची कितीतरी रेती या दोन खाड्यांच्या तळातून आली. आमच्याकडे वाळू म्हणत नाहीत, रेतीच म्हणतात. बंदरालाही रेतीबंदर.

रेती काढण्याच्या जुन्या रीतीला दोन नावं आहेत, हातपाटी आणि डुबी. पाणी उथळ असेल तर उभं राहून पाटीने उपसायची, ती हातपाटी. पाणी खोल असेल तर डुबी. होडी नांगरायची, तिच्या कडेने तळापर्यंत बांबू उतरवायचा. माणूस छाती भरून श्वास घेतो, बांबू धरून सरसर खाली जातो, तळाला पायाने चाचपडतो, लोखंडी बादली रेतीत खुपसून भरतो आणि दोराला हिसका देतो. वरचे दोघे-तिघे बादली ओढून घेतात. तोही बांबूला धरून वर येतो, काठाला हात लावून धापा टाकतो आणि पुन्हा खाली. हवेचं नळकांडं नाही, चष्मा नाही. कित्येकदा अंगावर चड्डीशिवाय काही नाही. चाळीस फुटांपर्यंत खोल आणि दिवसाकाठी दोनशेच्या घरात डुब्या, अशा नोंदी या खाड्यांवर आलेल्या पत्रकारांनी करून ठेवल्या आहेत. मजुरी खेपेवर. होडी भरली की पैसे. शेतावरच्या रोजापेक्षा, वीटभट्टीपेक्षा, बिगारीपेक्षा हे पैसे कितीतरी जास्त. म्हणूनच वाड्या-पाड्यांवरची मुलं या कामाला येतात, उत्तर प्रदेश-बिहारमधूनही येतात.

माझे एक मामा ऐन तारुण्यात सात-आठ वर्षं रेतीच्या होडीवर होते. त्या पैशांत त्यांनी दोन बहिणींची लग्नं केली आणि कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं. लहानपणी सुट्टीत त्यांच्याकडे गेलो की मी जरा घाबरून असायचो, कारण मामा सतत ओरडून बोलायचे. साधं ‘जेवलास का’ विचारलं तरी रागावल्यासारखं वाटायचं. कान वाहायचा म्हणून मामी रात्री कोमट तेल घालायची आणि कापसाचा बोळा लावायची. ते ओरडतात कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, हे मला समजलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मामा तेव्हा पन्नाशीचेही नव्हते.

त्यांनी कधी तक्रार केली नाही. विषय निघाला तर ते घराच्या भिंतीवर तळहात ठेवायचे. बस, एवढंच उत्तर. मामांना कुणी फसवून पाण्यात उतरवलं असं मी म्हणणार नाही. पैसा कशासाठी हवा, किती हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बुडून मरण्याची भीतीही त्यांनी हिशेबात धरली होती, ती तर खाडीकाठच्या प्रत्येक पोराला असते. पण कान जाईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाण्याखाली कानाचं काय होतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. दहा मीटर खोलीवर माणसावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. छातीतली हवा आक्रसून निम्म्या जागेत मावते. छातीला ते सोसतं, कारण बरगड्या आणि छातीखालचा पडदा हलतात. कानाच्या पडद्यामागची पोकळी मात्र हाडात बंद आहे. तिथे हवा पोहोचवायला घशातून जाणारी एक बारीक नळी आहे आणि ती खाली जाताना पुन्हा पुन्हा उघडावी लागते. शिकलेला पाणबुड्या नाक चिमटीत धरून, गिळून ती उघडतो, आणि नाही उघडली तर वर येतो. रेतीवाल्याच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात बांबू. सर्दी झालेली असली तरी खेप चुकवता येत नाही. मग दोन-तीन मीटरवर कान दुखायला लागतो, आणखी खाली पडदा आत ओढला जातो आणि केव्हातरी फाटतो. फाटल्यावर दुखणं थांबतं. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की कान मोकळा झाला, आता सवय झाली.

फाटक्या पडद्यातून थंड पाणी आत गेलं की तोल सांभाळणारं यंत्रच बिघडतं. खाडीचं पाणी गढूळ, काही फुटांखाली हातही दिसत नाही. त्या काळोखात एकदम गरगरलं तर वर कुठे आणि खाली कुठे हेच समजत नाही. बांबू सुटला तर संपलं. त्यातून वाचला तरी ते पाणी शहरांचं सांडपाणी घेऊन आलेलं असतं. ते कानाच्या आत राहतं, पू होतो, कान वर्षानुवर्षं वाहतो आणि आतली नाजूक हाडं झिजत जातात. मामांच्या उशीवरचा डाग मला आजही आठवतो.

दुसरा धोका श्वासाचा. जास्त वेळ खाली टिकावं म्हणून उतरण्याआधी जोरजोरात श्वास घेण्याची युक्ती जगभरच्या डुबी मारणाऱ्यांना आपसूक सापडते. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. वर ये, श्वास घे, असा हाका मारणारा तोच वायू. हाक उशिरा येते आणि माणूस वर येता येता, पृष्ठभागाला दोन हात उरलेले असताना बेशुद्ध होतो. आवाज नाही, हातपाय मारणं नाही. होडीवरच्याचं लक्ष बादलीकडे असेल तर समजतही नाही.

वैतरणेच्या मुखापासून समुद्रात पुढे गेलं की मुंबई हायचं तेलक्षेत्र आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर. १९७४च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६पासून ते निघू लागलं. वसई-विरारच्या कितीतरी घरांतून एखादा वेल्डर, फिटर, रिगर, खानसामा तिथे जातो. आमच्याकडे त्याला ‘ऑफशोअरला आहे’ म्हणतात आणि लग्नाच्या बाजारात त्या शब्दाला वजन आहे. त्या पाण्यातही पाणबुडे उतरतात, तळावरच्या तेलवाहिन्या जोडायला, तपासायला. खोलवर दीर्घ काम असेल तर ते जहाजावरच्या दाबाच्या बंद खोलीत दिवसचे दिवस राहतात, तिथून घंटेसारख्या पिंजऱ्यात बसून तळाला जातात, आणि काम संपल्यावर शरीरातला विरघळलेला वायू हळूहळू निघावा म्हणून त्याच खोलीत काही दिवस काढून मगच मोकळ्या हवेत येतात. घाई केली तर रक्तात बुडबुडे धरतात, आणि खांद्याची-खुब्याची हाडं कालांतराने मरतात. काम भयंकर आहे, पगारही तसाच मोठा आहे. पण या पाणबुड्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. त्याच्या कानात सतत वरच्या माणसाचा आवाज असतो. डुबी थांबवण्याचा अधिकार त्या पर्यवेक्षकाचा असतो, आणि प्रत्येक डुबी एका वहीत खोली-वेळेसह लिहून सहीनिशी जपली जाते. वीस वर्षांनी खुबा दुखला तर दाखवायला ती वही असते.

एकाच समुद्राचं पाणी, दोघांचं काम एकच, तळाला जाऊन वर येणं. एकाच्या डुब्यांची वही आहे आणि दुसऱ्याच्या डुब्या मोजल्या जातात त्या फक्त बादल्या म्हणून.

ऑफशोअरचं चित्र मी गुळगुळीत करून सांगतोय असं वाटू नये. २७ जुलै २००५ला, मुंबई महापुरात असताना, ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर आदळलं, वायूवाहिनी फुटली आणि फलाट जळाला. २२ माणसं गेली, ३६२ वाचली. जहाज फलाटाला भिडलं होतं ते बोट कापलेल्या एका कामगाराला उपचारासाठी उतरवायला. १३ जानेवारी २०१८ला तेलक्षेत्राकडे निघालेलं हेलिकॉप्टर आपल्या डहाणूजवळच्या समुद्रात कोसळलं आणि सातही जण गेले. आणि तौक्ते चक्रीवादळ तर कुणी विसरलेलं नाही. १७ मे २०२१. ‘पी-३०५’ या बार्जवर २६१ जण होते. नांगर तुटले, बार्ज फलाटावर आदळलं, संध्याकाळी बुडालं. त्याचे आणि ‘वरप्रदा’ या टगचे मिळून ८६ जण मेले. त्याच वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हे दुसरं बार्ज भरकटत पालघरच्या वडराईजवळ खडकात येऊन रुतलं, त्यावरच्या १३७ जणांना वाचवता आलं.

पी-३०५वरच्या वेल्डरने उंचीचा, आगीचा, समुद्राचा धोका पत्करला होता. वेल्डिंगच्या धुराने कर्करोग होतो हे कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७मध्ये निःसंशय ठरवलं, तोही धोका त्याच्या छातीत रोज जात होता. पण वादळाचा इशारा आधीच मिळाला असताना बार्ज बंदरात न्यायचं की समुद्रातच ठेवायचं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पत्करलेली जोखीम आणि लादलेली जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार पहिलीचा मिळतो. अपघातानंतर मात्र दोन्ही एकत्र करून ‘कामच धोक्याचं होतं’ असं म्हटलं जातं. हे वाक्य ऐकलं की मला संताप येतो.

१७७६मध्ये अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवलं की काम जितकं घाण, कष्टाचं, नकोसं, तितकी मजुरी चढते. त्याने दाखला दिला न्यूकॅसलच्या कोळसा खाणकामगारांचा, साध्या मजुरापेक्षा दुप्पट कमावणाऱ्यांचा. अर्थशास्त्राची मुलं हा सिद्धांत अजून शिकतात. त्यांनी एकदा विरारला यावं. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटीत एका खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत एक कामगार उतरला, बाहेर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग आणखी. चौघे गेले, चौघेही तिशीच्या आतले. मे २०१९मध्ये नालासोपाऱ्यात मैलाटाकीत तिघे असेच गेले होते. टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्याचा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटून माणूस आणखी आत जातो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. या कामाला कुणी दुप्पट-तिप्पट पैसे देत नाही. ज्याला दुसरं काम मिळणं कठीण, त्याच्याकडून धोका स्वस्तात घेता येतो, हे स्मिथच्या सूत्रात बसत नाही. डुबी मारणाऱ्याची जास्तीची मजुरी मी याच नजरेने पाहतो. ती धोक्याच्या मानाने जास्त नाही, बिगारीच्या मानाने जास्त आहे.

अंगाला अंग भिडवणाऱ्या खेळांचं पाहा. आमच्या वसई-विरारच्या गावागावात कबड्डीची मैदानं आहेत, गुडघा बांधून खेळणारा एक तरी दादा प्रत्येक संघात असतो. कबड्डीपटू पवन सेहरावतला २०२२च्या लिलावात तमिळ थलायवाज संघाने २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि सबंध हंगाम गेला. पण त्याच्यामागे संघ होता, डॉक्टर होते, आणि पुढच्या लिलावात त्याला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. गावच्या मैदानावर गुडघा गेलेला पोरगा रिक्षा चालवतो. आणखी एक उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या फुटबॉलपटूंच्या मेंदूत वारंवारच्या धडकांनी होणारा झिजेचा आजार २००५च्या शोधनिबंधानंतर लोकांना समजू लागला. २०१५मध्ये ख्रिस बोरलंड हा २४ वर्षांचा खेळाडू एका उत्तम हंगामानंतर खेळ सोडून मोकळा झाला आणि करारावेळी मिळालेल्या रकमेतला मोठा हिस्सा त्याने परत केला. त्याच्या आधीच्या पिढ्या भित्र्या नव्हत्या की लोभी नव्हत्या. बोरलंडसमोर कागद होता, त्यांच्यासमोर नव्हता. मला मामांची आठवण इथे येते. कागद असता तर मामा थांबले असते का? कदाचित नाही. तीन वर्षं केली असती, आठ नसती केली. घर तेवढ्यात उभं राहिलं असतं.

आता शासनाकडे वळतो. अवैध रेती उपशाविरुद्ध आवाज फाउंडेशनच्या सुमेरा अब्दुलाली न्यायालयात गेल्या, त्यांच्यावर हल्ले झाले, आणि २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उपशावर बंदी घातली. पुढे पर्यावरणाच्या परवानग्यांचे नियम आले. सक्शन पंप तळ ओरबाडतो, कांदळवनं ढासळतात, माशांची अंडी जातात, वैतरणेच्या रेल्वेपुलाचा पाया उघडा पडतो, म्हणून स्थानिकांना मिळणाऱ्या परवान्यांवर यंत्राला मनाई. त्यावर चालतं ते हातपाटी आणि डुबी, पारंपरिक व्यवसाय म्हणून. नदीच्या बाजूने पाहिलं तर हे सगळं योग्यच आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण याचा अर्थ असाही होतो की निसर्गाला सोसणारी जी रीत ठरली, ती माणसाच्या शरीराला न सोसणारी आहे. रेतीच्या धोरणात ‘डुबी’ हा शब्द आला. डुबी मारणारा माणूस आला नाही. किती ब्रास (रेती याच मापाने मोजतात) काढायची, कुठून काढायची, पुलापासून किती लांब, हे सारं लिहिलं गेलं. किती खोल उतरायचं, दिवसात किती वेळा, कान कुणी तपासायचा, हे लिहायला कुणाला सुचलं नाही. २०२३च्या धोरणात रेती ६०० रुपये ब्रास दराने द्यायची घोषणा झाली, तेव्हाही चर्चा झाली ती दराची.

आणि जे परवान्याशिवाय, रात्रीच्या अंधारात चालतं, तिथे तर माणूस बुडाला तरी तो तिथे होता हे कुणीच कबूल करत नाही. महसूलचं पथक आलं की पंप फोडले जातात, होड्या बुडवल्या किंवा जाळल्या जातात, मजूर पाण्यात उड्या टाकून पळतात. मालक काठावर नसतोच.

हे बदलणं अवघड आहे असं मला वाटत नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नळकांड्याशिवाय समुद्रात उतरतात. कोणत्या दिवशी उतरायचं, किती वेळ, हे त्यांची गावची संघटना ठरवते. कुणी एकटी उतरत नाही. त्यांच्या औषधपाण्याचा खर्च तिथलं प्रांतिक सरकार करतं. २०१६मध्ये युनेस्कोने त्यांची परंपरा वारसा म्हणून नोंदवली. प्रशांत महासागरातल्या तुआमोतू बेटांवर मोती काढणारे घाईघाईने एकामागून एक खोल डुब्या मारायचे. त्यांना भोवळ, लकवा, वेड लागल्यासारखा एक आजार व्हायचा, तरावाना त्याचं नाव. जवळच्याच मांगारेवाचे पाणबुडे दोन डुब्यांच्या मधे बारा-पंधरा मिनिटं थांबायचे, आणि त्यांना तो होत नसे. त्यांच्या डुब्या आपल्यापेक्षा फार खोल होत्या हे खरं. पण मधे थांबणं हेच औषध होतं, आणि थांबायला पैसे लागत नाहीत. खेपेवर मजुरी असेल तर मात्र थांबता येत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती मजुरीच्या पद्धतीत हवी. डुबी मारणाऱ्याला रोज ठरवून द्यावा, बादलीवर नको.

सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबाला आधी १० लाख आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ३० लाख रुपये द्यायला सांगितले. दहीहंडीच्या थरावरून पडून गोविंदा मेला तर राज्य सरकार १० लाख देतं. निदान त्या मरणांना नाव आणि रक्कम तरी आहे. खाडीच्या तळाशी कान गमावलेल्या माणसासाठी कोणत्याच खात्याकडे रकाना नाही.

माझं मागणं जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आहे, सागरी मंडळाकडे आहे, आणि परवाने घेणाऱ्या आमच्याच भूमिपुत्रांकडेही आहे, कारण होडीचे मालक पुष्कळदा आपलेच असतात. हंगामाआधी प्रत्येकाचा कान आणि छाती तपासा, आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे होऊ शकतं. सर्दी असलेल्याला त्या दिवशी होडीवरच्या कामाला लावा, मजुरी कापू नका. एक माणूस फक्त पाण्याकडे बघायला ठेवा, बादलीकडे नाही. खोलीची मर्यादा लिहा. आणि परवान्यावर जिथे ब्रास लिहिले जातात, तिथेच त्या होडीवर डुबी मारणाऱ्यांची नावं लिहा.